शांत केबिन, शिळी हवा

ओपन ऑफिसातल्या गलबल्यावर उपाय म्हणून काचेची मीटिंग रूम बांधतात, दाराच्या फटीला रबर लावतात, आणि तासाभरात आतले सगळे जांभया द्यायला लागतात. खापर फुटतं जेवणावर.

हिशोब करून बघा. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ४० घनमीटरच्या खोलीत आठ जण बसले आणि ताजी हवा आलीच नाही, तर अर्ध्या तासात त्याची पातळी १८०० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत १८०० भाग) चढते. बाहेरच्या हवेत ती ४२० च्या आसपास असते. आकडा हजाराच्या वर टिकून राहिला, की हवा पुरेशी बदलत नाही असं समजावं. म्हणजे घामाचे वास, कार्पेट-फर्निचरमधून सुटणारी रसायनं, कुणाचा सर्दीचा विषाणू, सगळं तिथेच साचतंय.

एसी चालू असल्याने काही फरक पडत नाही. स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून परत देतो. सेंट्रल एसीला फ्रेश एअर डॅम्पर (बाहेरची हवा आत घेणारी झडप) असतो खरा, पण वीज वाचवायला तो अनेकदा बंद करून ठेवलेला असतो. आधी तोच तपासा.

कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर एनडीआयआर सेन्सरचाच घ्या, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणारा. स्वस्तातले बरेचसे मीटर हा वायू मोजतच नाहीत, नुसता अंदाज बांधतात. शेजारी सॅनिटायझर लावला तरी आकडा उडी मारतो.

आता आवाज. त्रास डेसिबलपेक्षा शब्दांचा जास्त. ४५ डेसिबलची एसीची घरघर कान विसरतात, पण तेवढ्याच आवाजातलं शेजारच्याचं फोनवरचं बोलणं कळत असेल, तर लक्ष तिकडेच जातं. पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशीच थांबवलं तर बोलणं वरून पलीकडे उतरतं. ते स्लॅबपर्यंत न्यायला हवं. छताच्या अकूस्टिक टाइल्सना रंग देऊ नका, छिद्रं बुजतात.

मग बंद खोलीत हवा कुठून आणायची? आतून ध्वनिशोषक अस्तर लावलेल्या, दोन वळणांच्या डक्टमधून (हवा नेणाऱ्या नळातून), म्हणजे हवा येते पण आवाज वाटेतच विरतो: माणशी सेकंदाला १० लिटर, आठ जणांसाठी तासाला २८८ घनमीटर. आकडा मग ९२० च्या आसपास स्थिरावतो. तेवढीच हवा बाहेर जायलाही तसाच डक्ट हवा. पंखा मोठा घेऊन हळू फिरवा. छोटा पंखा जोरात फिरवला की शिट्टी वाजते, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी वैतागून तो बंद करतं.