देवबाग ते नेरूरपार: कर्लीच्या खाडीत मशीन तापलं तेव्हा

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आमच्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब. मार्गशीर्ष शुद्ध त्रयोदशी, म्हणजे भरती साधारण पावणेदहाला. उजाडता उजाडता सिंधुदुर्गातल्या देवबागहून सुटायचं, चढत्या पाण्याबरोबर कर्ली नदीतून नेरूरपारच्या पुलापर्यंत जायचं आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की तिच्यासोबत परत यायचं, असा बेत होता. होडी १८ फुटी फायबरची. मागे १५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक मशीन. माणसं तीन: मी, मामेभाऊ आणि मामा. मामांचं आयुष्य जाळ्यांवर गेलेलं.

जातानाची वाट फार सुंदर आहे. एका हाताला देवबाग-तारकर्लीचे माड, दुसऱ्या हाताला कोरजाई, पुढे दोन्ही काठांना कांदळवन. घारी पाण्यावर उतरत होत्या. मध्ये मध्ये वाळू काढणाऱ्या होड्या उभ्या होत्या, त्यांच्या आजूबाजूचं पाणी गढूळ. पुलाखाली होडी बांधून घावणे आणि चटणी खाल्ली. जागा शांत आहे, वेळ असेल तर तासभर बसाच.

परत निघताना मशीनच्या मागून येणारी पाण्याची धार मला बारीक वाटली. मशीन गार ठेवणारं पाणी फिरतंय की नाही, ते याच धारेवरून कळतं. गढूळ पाण्यातून आलो होतो, तेव्हा धारेच्या भोकात वाळू अडकली असणार असं धरून मी जाड नायलॉनचा तुकडा आत घालून फिरवला. धार थोडी सुधारली आणि आम्ही सुटलो. इथे माझं चुकलं. धार बारीक झाली तर नुसतं भोक साफ करून भागत नाही, वरचं झाकण काढून सिलिंडरच्या डोक्याला हात लावून बघायचा. भोकच तुंबलेलं असेल तर डोकं कोमट असतं, हात ठेवता येतो. हात ठेवता येत नसेल तर पाणी वर पोचतच नाही. डोक्यावर पाण्याचा एक थेंब टाकला आणि तो चर्रकन उडाला, तर मशीन त्याच क्षणी बंद करायचं.

तारकर्लीचे माड दिसायला लागले तेव्हा आवाज बदलला. पाणी मिसळलेल्या धुराचा आवाज भरीव, ओलसर असतो. तो एकदम कोरडा आणि फाटका झाला, पाठोपाठ रंग जळल्यासारखा वास आला. मशीनच्या पाण्यातल्या पंख्यामागे निळसर धुराऐवजी पांढरी वाफ दिसली. मामा होडीच्या पुढच्या टोकाकडून, नाळेवरून ओरडले, "पाणी मारना नाय तां! आधी बंद कर!"

बंद केल्यावर पहिलं काम नांगर टाकायचं, झाकण उघडायचं नाही. सुकतीचा ओढ सरळ संगमाकडे, म्हणजे कर्ली समुद्राला मिळते तिकडे असतो. तिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात आणि बंद मशीनची होडी त्यात आडवी गेली तर आवरत नाही. नांगर धरल्याची खात्री झाली, मग मशीनकडे वळलो. तापलेल्या डोक्यावर गार पाणी ओतायचा मोह होतो, तो आवरा. ॲल्युमिनियम आहे, वाकडं होतं. आम्ही झाकण काढून पाऊण तास नुसते थांबलो.

धुराचा आणि पाण्याचा संबंध इथे सांगतो, कारण पुष्कळजण हे दोन वेगळे बिघाड समजतात. खालच्या जाळीतून पाणी आत येतं, शाफ्टवरचा रबरी इंपेलर ते नळीतून वर ढकलतो, ते सिलिंडरभोवती फिरतं आणि उतरताना धुराच्या वाटेत पडतं. धूर त्या पाण्यानेच गार होतो आणि पंख्याच्या मधून बाहेर पडतो. पाणी थांबलं की नुसता आगीसारखा धूर खाली जातो, मशीनच्या पायाचा, म्हणजे डोक्यापासून पंख्यापर्यंतच्या उभ्या भागाचा, रंग फुगतो आणि पंख्याच्या आतली रबरी बुश मऊ पडते. मग मशीन नीट असलं तरी पंखा घसरतो. म्हणून आमच्याकडे वास आला तो पायाकडून आला.

मशीन वर उचलल्यावर जाळीवर खताच्या गोणीचा तुकडा चिकटलेला दिसला. खाडीत हे नेहमीचं दुखणं आहे. काढला, मशीन पुन्हा चालू केलं, तरी धार थुंकल्यासारखी, तुटक तुटक. तिसऱ्या मिनिटाला डोकं तापायला लागलं. म्हणजे पाण्याविना फिरून इंपेलर गेला होता. वल्ही मारत शेजारच्या उघड्या पडलेल्या पुळणीला होडी लावली.

पुढचं काम सोपं आहे, घाई मात्र करू नये. गिअरचा दांडा सोडवला, बोल्ट काढले आणि खालचा भाग गोणपाटावर उतरवला, वाळूवर नाही. पंपाचं झाकण उघडलं तर इंपेलरच्या दोन पाकळ्या मुळापासून तुटलेल्या, उरलेल्या एकाच बाजूला वाकून ताठ झालेल्या. मशीन मे महिन्यापासून मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपीत, पडून होतं. तितके महिने पाकळ्या वाकलेल्याच राहिल्या आणि मी नवा मोसम जुन्याच इंपेलरवर सुरू केला. नारळी पौर्णिमेनंतर मशीन काढताना इंपेलर बदलायचाच, दिसायला चांगला असला तरी.

नवा इंपेलर पेटीत होता. इंपेलर शाफ्टवर अडकवणारी छोटी चावी जागेवर ठेवली, पाकळ्यांना अंगाचा साबण ओला करून लावला आणि वरून बघताना शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत झाकण दाबलं, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वाकतात. वर बसवताना पाण्याची नळी तिच्या रबरी कडीत बरोबर शिरली की नाही ते बघा. ती बाजूला गेली तर पाणी पायातच सांडतं आणि नव्या इंपेलरवरही धार येत नाही. आम्हाला दोनदा उतरवून बसवावं लागलं ते याच नळीमुळे. तोवर पाणी मागे सरत होतं आणि मामेभाऊ होडी टेकू नये म्हणून सारखा पुढे ढकलत होता.

स्पार्क प्लगही काढून पाहिले. दोन्ही तपकिरी आणि कोरडे, म्हणजे डोक्याखालचं गॅस्केट, पाणी सिलिंडरमध्ये शिरू न देणारी पट्टी, वाचलं. एक प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला असता तर सिलिंडरमध्ये पाणी शिरत आहे असं समजून मी मशीन लावलंच नसतं, दुसऱ्या होडीला हाक मारली असती.

तुटलेल्या दोन पाकळ्यांपैकी एकच पंपात सापडली. दुसरी वर गेली होती हे उघड होतं. त्यामुळे अगदी कमी गतीने, दर पाच मिनिटांनी डोक्याला हात लावत देवबागला आलो. घरी थर्मोस्टॅटचं, म्हणजे मशीन तापल्यावर पाण्याला वाट देणाऱ्या झडपेचं, झाकण उघडलं तेव्हा तो तुकडा त्याच्या तोंडाशी आडवा बसलेला मिळाला, भोवती मिठाचे पापुद्रे. थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यासोबत तापवला. उकळी येईपर्यंत तो उघडला नाही. चांगला थर्मोस्टॅट त्याच्या बऱ्याच आधी उघडतो. तोही बदलला.

या वाटेने जाणार असाल तर होडीत दुसरा इंपेलर चावीसकट, प्लग आणि त्यांचा पाना, बोल्टांचे पाने, नायलॉनचा जाड तुकडा, गोणपाट, दोन वल्ही आणि लांब दोराचा नांगर ठेवा. लाइफजॅकेट अंगावर असू द्या. उथळ, गढूळ जागी गती कमी करा, वाळू इंपेलर खाते. आल्यावर पाय गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून मशीन १० ते १५ मिनिटं चालवा. पाण्याबाहेर एकदाही सुरू करू नका, रबर काही सेकंदांत जळतं. आणि परतीला उशीर झाला, सुकती जोरात असली, तर संगमापर्यंत येऊ नका. तारकर्लीच्या बाजूला होडी लावून पाणी फिरेपर्यंत थांबा.