पेन्सिलीची खूण

गुरुवार, रात्री ११

आईची हाताएवढी गीता आज कपाट आवरताना सापडली. कडा पिवळ्या पडल्यात, बाराव्या अध्यायापाशी हळदीचं बोट उमटलंय. आवरणं राहिलं बाजूला, तिथेच फरशीवर बसून वाचत राहिले.

नवव्या अध्यायात अडकले. चौथ्या श्लोकात भगवंत म्हणतात, सगळी भूतं, म्हणजे सगळे जीव, माझ्या ठायी आहेत. लगेच पाचव्यात, ‘न च मत्स्थानि भूतानि’. म्हणजे नाहीत! मध्ये एका ओळीचंही अंतर नाही. लपवाछपवी तर नाहीच, उलट अर्जुनाला सांगतात, हा माझा योग बघ.

इथे माउलींचा आधार मिळतो. चौथ्या श्लोकावर ते म्हणतात, दूध मुरलं की तेच दही, तसं मीच हे जग होऊन पसरलोय. आणि पाचव्यावर, ‘मजमाजीं भूतें हेंही वावो’. माझ्यात भूतं आहेत हे म्हणणंही खोटंच, कारण सगळं मीच आहे. रात्रीचं विरजण लावताना हे एकदम पटलं. उद्या सकाळी पातेल्यात दही असेल, पण ते ‘दुधात आहे’ असं कोणी म्हणणार नाही.

पण पुढे २९वा श्लोक आहे आणि त्याच्याशेजारी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, ‘मग १६.१९?’

‘समोऽहं सर्वभूतेषु’. मी सगळ्यांना सारखा, मला ना कोणी नावडता, ना कोणी आवडता. आता बाराव्यात ‘मला प्रिय’ किती वेळा येतं ते मी बोटांवर मोजलं. १४ ते २० या सात श्लोकांत सहा वेळा, फक्त १८वा मोकळा. पण त्याचं मला फारसं वाटत नाही. शंकराचार्यांनी या २९व्या श्लोकावर अग्नीचा दृष्टान्त दिलाय. लांब बसलेल्याची थंडी अग्नी घालवत नाही, जवळ येईल त्याची घालवतो. त्यात अग्नीचा पक्षपात कसला? थंडीत शेकोटीपाशी बसलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पेन्सिलवाल्याने मात्र नेमकं अवघड जागी बोट ठेवलंय. सोळाव्यातला १९वा श्लोक म्हणतो, त्या द्वेष्ट्या, क्रूर नराधमांना मी पुन्हा पुन्हा आसुरी योनींत फेकतो. ‘क्षिपामि’. शेकोटी कोणाला उचलून फेकत नाही. यावर ठरलेलं उत्तर असं की ते आपल्याच कर्माने जातात, देव फक्त फळ देतो. असेलही. मग क्रियापद ‘मी’चं कशाला? पाचव्या अध्यायात तर स्वच्छ म्हटलंय की प्रभू कोणाचं पापही घेत नाही आणि पुण्यही. मला कधीकधी वाटतं, मेळ घालायची घाई गीतेपेक्षा आपल्यालाच जास्त. ‘कर्ता असूनही मला अकर्ता जाण’ असं चौथ्यातच सांगून ती मोकळी झालीये.

न राहवून आईला फोन केला. म्हटलं, काय गं, एवढा अवघड प्रश्न कधी पडला तुला?

“मला? मी आंघोळ करून पाठ म्हणायचे बाई, पेन्सिल घेऊन कोण बसतंय! तुझ्या बाबांचं असेल ते.”

बाबांचं? आम्ही देवळात जायचो तेव्हा बाहेर चपला राखत बसणारे बाबा. मी कधी त्यांना देवासमोर हात जोडताना पाहिलं नाही. पण आईची पेन्सिल कायम बोथट असायची, वाण्याच्या यादीत अक्षरं जाड यायची. ही रेघ टोकदार आहे.

फोन ठेवला आणि सोळावा अध्याय उघडला. १९व्या श्लोकापाशी त्याच टोकदार अक्षरात: ‘९.२९ पाहा’.