गेटजवळ जास्वंद लावायचं की कण्हेर, आमच्या घरचं चार वर्षांचं भांडण

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या घराला गेटच्या डाव्या हाताला जेमतेम अडीच-तीन फुटांची मातीची पट्टी आहे, बाकी सगळं फरशी अन् कार पार्किंग. त्या पट्टीवर एकच मोठं झुडूप नीट वाढू शकतं. जागा पश्चिमेकडची, दुपारी दीडपासून जे ऊन पडतं ते मावळेपर्यंत, अन् मागे कंपाउंडची भिंत, जी मे महिन्यात रात्री दहालाही हात लावला तर गरम लागते. नागपूरचा मे ज्यांनी पाहिला त्यांना जास्त सांगायची गरज नाही, पारा पंचेचाळीसच्या आसपास जातोच, अन् नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, लागला की माणूसच कोमेजतो, झाडाचं काय घेऊन बसलात.

तर २०२१ मध्ये घर बांधून झालं तेव्हा प्रश्न आला की इथे काय लावायचं. सासूबाई म्हणे जास्वंद, लाल, गणपतीला रोज फूल पाहिजे. हे म्हणे कण्हेर लाव, हायवेच्या दुभाजकावर पाहिली नाही का, कोणी ढुंकून पाहत नाही तरी फुलून राहते. मी मधे. माझं बीएस्सी बॉटनी झालेलं म्हणून घरात मलाच झाडांची एक्सपर्ट समजतात, खरं सांगायचं तर बॉटनीवाल्यांनाच झाडं कमी जगवता येतात, आम्ही ती फक्त ब्लेडने कापली आहेत.

पण गंमत पाहा, ही दोन्ही झाडं प्रॅक्टिकलला होतीच. जास्वंदाचं फूल उभं कापून तो मधला दांडा दाखवायचा, सगळे पुंकेसर एकमेकांना चिकटून नळी झालेली अन् तिच्या आतून स्त्रीकेसर वर जाऊन टोकाला पाच लाल मखमली ठिपके. अन् कण्हेरीचं पान आडवं कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं, कारण ती कोरड्या हवेतल्या झाडांचं पेटंट उदाहरण. पानाच्या खालच्या बाजूला छोटे छोटे खड्डे असतात, खड्ड्यात केस, अन् पर्णरंध्रं, म्हणजे पानाची श्वास घ्यायची बारीक छिद्रं, त्या खड्ड्यात लपलेली. म्हणजे लू लागली तरी वारा थेट रंध्रापर्यंत पोचत नाही, पाणी कमी उडतं. वरून पान जाड, चिवट, मेणचट. त्या खड्ड्यांच्या आकृतीला मार्क मिळाले होते मला, पण तेच खड्डे वीस वर्षांनी माझ्या गेटजवळचा निकाल लावतील असं कुठे वाटलं होतं. जास्वंदाचं पान त्यामानाने पातळ, रुंद, मऊ, उन्हाळ्यात दुपारी दोनला पाहा, सगळी पानं खाली मान घालून उभी असतात.

सासूबाईंचं ऐकलं अन् पहिल्यांदा जास्वंदच आणलं. नर्सरीत गेलो तर केवढाले रंग, केशरी, पिवळं, डबल पाकळीचं, जेवणाच्या ताटलीएवढं फूल. मी भुलले अन् देशी लालासोबत एक पिवळं हायब्रीडही उचललं. इथे एक गोष्ट लिहून ठेवते, आपल्याकडच्या नर्सऱ्यांमधली बरीच झाडं आंध्रातून येतात, राजमुंद्रीजवळ कडियम म्हणून गाव आहे तिथे नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. ती झाडं तिकडच्या लाल चिकट मातीच्या गोळ्यात असतात. आपली माती काळी. पिशवी फाडून तो लाल गोळा तसाच काळ्या मातीत पुरला की मुळं गोळ्याच्या बाहेरच पडत नाहीत, वरून पाणी टाकलं तर बाजूची काळी माती ओली चिक्क अन् गोळा आतून ठणठणीत कोरडा. माझं पिवळं जास्वंद असंच गेलं, तीन महिन्यांनी उपटलं तर पिशवीच्या आकाराचा गोळा जसाच्या तसा हातात आला, मुळं गोल गोल फिरून राहिली होती आतच. तेव्हापासून मी लावायच्या आधी गोळा बादलीत अर्धा तास भिजवते, हाताने हळू हळू बाहेरची माती सोडवते, अन् खड्ड्यात काळ्या मातीसोबत वाळू अन् शेणखत मिसळते. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते अन् पावसाळ्यात चिखलाचा डबा होते, जास्वंदाला दोन्ही चालत नाही, पाणी साचलं की मुळं सडतात अन् पानं पिवळी पडून गळतात. मग आपण समजतो पाणी कमी पडलं, अन् अजून टाकतो!

देशी लाल मात्र जगलं. पहिल्या पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये असं फुललं की सकाळी गेट उघडलं की पंधरा-वीस फुलं. जास्वंदाचं फूल एका दिवसाचंच, सकाळी उमलतं अन् संध्याकाळी गुंडाळून घेतं. पण सासूबाईंची युक्ती वेगळी, त्या आदल्या संध्याकाळी फुगलेल्या कळ्या तोडून ओल्या फडक्यात ठेवतात, सकाळी देवासमोर फुलं तयार. हे कशासाठी, तर फुलचोरांसाठी. मॉर्निंग वॉकला येणारी मंडळी, पायात स्पोर्ट शूज, हातात आकडा लावलेली काठी अन् प्लास्टिकची थैली. साडेपाचला येऊन भिंतीवरून वाकून फांदीच ओढतात, फुलासोबत चार कळ्या अन् अर्धी डहाळी. एक काकू तर रोज यायच्या, मी समोर दिसले तरी ढळायच्या नाहीत, उलट मलाच म्हणायच्या, "देवालाच नेऊन राहिली ना बाई, मी काय घरी भाजी करते का?" आता याला काय उत्तर द्यायचं.

जास्वंदाचं खरं सुख मला विचाराल तर फूल नाही, शिंजीर. तो चिमुकला जांभळा-काळा पक्षी, उन्हात चमकतो. तो समोरून फुलात तोंड घालत नाही, देठाकडून येतो, फुलाच्या बुडाशी चोच खुपसतो अन् आतला रस चोरतो, परागकणाला हातही लावत नाही. म्हणजे सकाळी साडेपाचला काकू अन् सातला शिंजीर, आमचं जास्वंद दोन्हीकडून लुटल्या जायचं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी चहा गाळता गाळता पाहत बसायची, दोनदा चहा उतू गेला.

अन् मग उन्हाळा. पहिल्या उन्हाळ्यात हिरवी नेट बांधली, बुडाशी वाळलेल्या पानांचा जाड थर टाकला, सकाळ-संध्याकाळ पाणी, तरी कळ्या बोराएवढ्या होऊन गळायच्या. दुसऱ्या उन्हाळ्यात मी एक मोठी हुशारी केली. कूलरच्या टाकीतलं पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलावंच लागतं, ते फेकायचं कशाला, म्हणून मी ते जास्वंदाला टाकायला लागले. पाणीबचत म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर फोटोही टाकला, अंगठे आले भरपूर. पंधरा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी, जणू कोणी उदबत्तीने जाळल्या. मग डोक्यात उजेड पडला. आमचं बोअरचं पाणी आधीच जड, कूलरमध्ये नुसतं पाणी उडून जातं अन् क्षार टाकीतच राहतात, जाळीवर तो पांढरा थर दिसतो ना, तेच मी मुळाशी ओतत होते. त्यात काळ्या मातीत चुना जास्त, मग जास्वंदाला लोह ओढता येत नाही, शिरा हिरव्या अन् मधलं पान पिवळं पडतं. वरून पिठ्या ढेकूण आला, कापसासारखा पांढरा, कळ्यांच्या देठाशी दाटीने. अन् त्याच्या मागे मुंग्यांची रांग, मुंग्या त्याचा गोड रस खातात म्हणून त्याला सांभाळतात. पाइपच्या जोरदार धारेने धुतलं, मग लिटरभर पाण्यात चमचाभर नीम तेल अन् चार थेंब शॅम्पू, संध्याकाळीच मारायचं, उन्हात मारलं की पानं भाजतात. आठवड्यातून एकदा, चार आठवडे. एवढं मी माझ्या पोराचंही केलं नसेल.

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही बहिणीच्या घरच्या लग्नासाठी पुण्याला बारा दिवस गेलो. शेजारच्या मुलाला पाणी टाकायला सांगितलं होतं, त्याने टाकलंही म्हणतो, भर दुपारी बाराला टाकलं म्हणतो. परत आलो तर गेटजवळ काड्या. सासूबाई चपला काढायच्या आधी झाडाजवळ गेल्या, नखाने साल खरवडून पाहिली, आत हिरवं नव्हतं. काही बोलल्या नाहीत. हेसुद्धा "मी म्हणालो होतो" असं म्हणाले नाहीत, आमच्या संसारातली ही विरळ घटना.

मग कण्हेर आली. गुलाबी, डबल पाकळीची. आणावी पण लागली नाही, माळीदादाने दुसरीकडून तीन फांद्या कापून आणल्या, पाण्याच्या बाटलीत ठेवल्या, तीन-चार आठवड्यांत पांढरी मुळं फुटली अन् पावसाळ्यात जमिनीत. माळीदादा म्हणे, "हे झाड तुमच्यानं मारल्या जात नाही जी." अन् खरंच. पुढच्या उन्हाळ्यात जेव्हा गल्लीत कुत्रंही दिसत नव्हतं तेव्हा ही गुच्छच्या गुच्छ घेऊन उभी. आठवड्यातून एकदा पाणी, तेही कूलरचं, हिला खारट पाणी चालतं. नेट नाही, खत वर्षातून एकदा. जपानमधल्या हिरोशिमा शहराचं फूल कण्हेरच आहे, अणुबॉम्बनंतर तिथे पहिल्यांदा हीच फुलली असं सांगतात. तिला आमच्या बेसातल्या भिंतीचं काय वाटणार.

पण बाप्पा, विष. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण नर्सरीवाला हे कधीच सांगत नाही. कण्हेरीचं पान, फूल, फांदी, मूळ, सगळंच विषारी, वाळलेलं पानसुद्धा. पोटात गेलं तर ओकाऱ्या होतात अन् मुख्य म्हणजे हृदयाचे ठोके बिघडतात, तिथे घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ दवाखाना. पिवळ्या फुलाची बिट्टी वेगळं झाड, पण कुळ तेच अन् विषही त्याच जातीचं, लहानपणी आपण तिच्या बियांनी खेळलो आहोत, आठवलं की अंगावर काटा येतो. छाटणी करताना मी हातमोजे घालते, चीक डोळ्याला लागू देत नाही, अन् छाटलेल्या फांद्या गाय-बकरी खाईल अशा जागी टाकत नाही. हिचा धूरही वाईट. यावर्षी होळीच्या आधी फेब्रुवारीत मी छाटणी केली अन् फांद्यांचा ढीग गेटबाहेर ठेवला, तर गल्लीतली पोरं खुशीत उचलून होळीसाठी न्यायला लागली. मी गाऊनवरच धावले मागे. एक पोरगा म्हणे, "काकू, लाकडासाठी एवढं काऊन चिडता?" त्याला खड्ड्यातल्या पर्णरंध्रांपासून हृदयाच्या ठोक्यांपर्यंत सगळं समजावलं, तो घाबरून फांद्या टाकून पळाला. नंतर सगळ्या पोत्यात बांधल्या अन् कचरागाडीवाल्याला सांगूनच दिल्या.

अजून एक, कण्हेरीवर शिंजीर येत नाही. फूल दिसायला भरलेलं, पण आत रस जवळपास नाहीच, कीटकाला नुसतं फसवते ती. मला खिडकीतून पाहायला काही उरलं नाही. एक मात्र पाहुणा आला, पावसाळ्यानंतर, बोटाएवढी जाड पोपटी अळी, मागे शेपटीला शिंग अन् पुढे मानेजवळ निळे-पांढरे दोन डोळे, खरे नाही, नुसते रंगवलेले, हात जवळ नेला की मान फुगवून ते डोळे वटारते. जे पान आपल्याला मारू शकतं ते ही कुरकुर खाऊन राहिली! तिचा पुढे पतंग होतो, हिरव्या लष्करी कपड्यासारखा. ह्यांनी स्प्रे आणला होता, मी हात धरला. चार अळ्यांनी चार फांद्या बोडक्या केल्या, महिन्याभरात परत पानं आली.

आता ननंदेची नात दीड वर्षाची झाली, ती येते तेव्हा हाताला येईल ते तोंडात घालते. म्हणून कण्हेरीच्या खालच्या फांद्या तीन फुटांपर्यंत साफ कापून टाकल्या, खाली गळलेली फुलं-पानं ती यायच्या आधी झाडते, अन् तरी माझा एक डोळा तिकडेच असतो. घरात रांगतं मूल किंवा चघळायची सवय असलेलं कुत्रं असेल तर मी तरी म्हणेन कण्हेर कंपाउंडच्या आत लावूच नका, कितीही फुलो.

अन् जास्वंद? ते परत आणलंच. देशी लाल, पण गेटजवळ नाही, मागे पूर्वेला, जिथे सकाळचं अकरापर्यंतचं ऊन येतं अन् मग शेजारच्यांच्या आंब्याची सावली. कूलरचं पाणी त्याच्या वाटेलाही जात नाही. फेब्रुवारीच्या शेवटी टोकं छाटते, कारण फूल नव्या फुटीवरच येतं, उन्हाळ्यात कात्री बंद. मे महिन्यात तीन-चारच फुलं देतं, तीही लहान, पण देतं. थंडीत पारा दहाच्या खाली गेला की रुसतं, दिवाळीच्या आसपास मात्र पाहावं. गावाला जायचं असलं की आता माळीदादाला पैसे देऊन जाते, शेजारच्या पोराला नाही.

सासूबाईंची तक्रार आहे की फूल तोडायला मागच्या दारी जावं लागतं, गुडघे दुखतात. तरी संध्याकाळी ओलं फडकं घेऊन जातातच.

परवा त्या आकडेवाल्या काकू गेटशी थांबल्या. थैली रिकामीच दिसली. मला म्हणे, "बाई, तुमचं जास्वंद दिसत नाही आजकाल?" मी काही बोलायच्या आत सासूबाई आतून ओरडल्या, "मेलं हो ते!" अन् मग जरा आवाज उतरवून, "कण्हेर न्या ना, महादेवाला चालते." काकूंनी झाडाकडे पाहिलं, दोन गुलाबी फुलं तोडली, हुंगली, अन् थैलीत टाकून पुढच्या गेटकडे गेल्या.