जमिनीवर थेंब नाही, तरी गाडी पाणी खाते

साताऱ्यातून यवतेश्वर घाट चढून कासला पर्यटक नेणारी डिझेल व्हॅन. आठवड्याला लिटरभर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी व्हायचं आणि गाडी उभी राहायची ती जागा मात्र कोरडी ठणठणीत. ‘हेड पॅकिंग गेलंय’, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं गॅस्केट फाटलंय, असं मालकाला आधीच सांगितलं गेलं होतं. हेड उतरवायचं काम मी सगळ्यात शेवटी ठेवतो.

इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीला प्रेशर टेस्टर, म्हणजे दाब देऊन गळती शोधणारा पंप, लावला. टाकीच्या झाकणावर १.१ बार लिहिलं होतं, तेवढाच दाब दिला. जास्त दिला तर जुना रेडिएटर आपणच फोडतो. २० मिनिटांत काटा ०.८ वर आला. होजच्या क्लिपा, वॉटर पंपाचं खालचं भोक, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा जोड, हीटरखालचं मॅट, सगळं कोरडं. म्हणजे पाणी आतल्या आत जात होतं.

डिपस्टिक स्वच्छ, ऑइलच्या झाकणाखाली दुधी थर नाही, म्हणजे पाणी ऑइलमध्ये मिसळत नव्हतं. टाकीच्या तोंडाशी निळ्या द्रवाची गॅस टेस्ट घेतली. एक्झॉस्टचा गॅस कूलंटमध्ये येत असेल, तर डिझेल गाडीत हा द्रव हिरवा होतो. इथे निळाच राहिला. पण रंग बदलला असता तरी लगेच हेडवर बोट ठेवता आलं नसतं, कारण इजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा एक्झॉस्टचा गॅस कूलंटने थंड करणारा भाग) मोठा फुटला की त्यातूनही गॅस उलटा कूलंटमध्ये शिरतो. कित्येक चांगली हेडं याच घोळात उतरवली जातात.

खरा धागा सकाळच्या पहिल्या स्टार्टला मिळाला. सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर, त्याला कूलंटचा गोडसर वास, आणि थोड्या वेळाने सगळं साफ. इजीआर कूलरचा पाईप खोलला. तिथे काजळी कोरडी, भुरभुरीत असायला हवी. इथे तिचा ओला लगदा झाला होता आणि पाईपच्या तळाला एक पट्टा धुऊन निघून स्टील चमकत होतं.

कूलर काढला. पाण्याचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून १ बार हवा दिली आणि गरम पाण्याच्या टबात बुडवला. काही चिरा तापल्याशिवाय उघडतच नाहीत, म्हणून पाणी गरम हवं. गॅसच्या तोंडातून बुडबुड्यांची बारीक माळ सुरू झाली. आतल्या नळ्यांना एका बाजूने कित्येक शे अंशांचा गॅस आणि दुसऱ्या बाजूने नव्वदेक अंशांचं कूलंट लागतं. त्यात ही गाडी बरेच दिवस बोअरच्या पाण्यावर चाललेली. क्षार बसले की नळ्या नीट थंड होत नाहीत आणि चिरतात.

कूलर नवा, गॅस्केटही नवी. गळती थांबवणारी पावडर टाकू नका, ती हीटर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवते. दुखणं अंगावरही काढू नका: रात्रभर पाझरलेलं पाणी सिलिंडरमध्ये साचलं, तर स्टार्ट मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं घेऊन हळूहळू भरलं. हीटर फुल गरमवर, अडकलेली हवा बाहेर काढणारा ब्लीड स्क्रू उघडा ठेवला. त्यातून बुडबुडे न येता सलग धार लागल्यावरच तो बंद केला. मग थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवलं. इंजिन थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरून टाकीवर मार्करने रेघ मारली. रोज सकाळी, स्टार्ट मारण्याआधी पातळी रेघेशी ताडून बघायला ड्रायव्हरदादांना सांगितलं. आठवडाभर घाट चढून-उतरूनही ती हलली नाही.