जुनी शेड, खोक्यांचं लाकूड : आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीतल्या एका बंद मशिन शॉपच्या शेडमध्ये आम्ही पॅकिंगच्या पाइनवूडपासून टेबलं, रॅक आणि कारखान्यांना लागणारी खोकी बनवतो. भोसरी-चाकणला परदेशातून येणारी यंत्रं याच लाकडात बांधलेली असतात. खोकं फोडलं की लाकूड एक तर भंगारात जातं, नाही तर जळणात. चांगल्या फळ्या अशा जळताना बघवत नाही.

शेड घेतल्यावर पहिला मोठा खर्च जमिनीवर झाला. लेथ जिथे उभे होते तिथल्या कोब्यात कटिंग ऑइल मुरलं होतं. अशा कोब्यावर ठेवलेली फळी तेल ओढते. मग त्या जागी ना गोंद धरतो, ना पॉलिश. तेवढा थर खोदून काढला. हा तेलकट राडारोडा साध्या राडारोड्यात मिसळायचा नसतो, रांजणगावच्या घातक कचऱ्याच्या प्रकल्पात पाठवायचा असतो. छताचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे उतरवताना आधी पाणी मारायचं, हुकांचे नट कापायचे आणि पत्रा अख्खा खाली घ्यायचा. फुटला की तंतू हवेत उडतात. मशिनची जुनी फाउंडेशनं मात्र तशीच ठेवली. त्यातल्या एकावर आमचं रंधा मशिन बसवलंय. खालचं काँक्रीट भरीव असल्यामुळे हादरे जिरतात आणि फळीवर लाटा उमटत नाहीत.

माल गेटवरच तपासला जातो. परदेशातून आलेल्या खोक्यावर लाकडातली कीड मारल्याची खूण म्हणून गव्हाच्या ओंबीचा शिक्का असायला हवा, शेजारी देशाचा कोड आणि प्रक्रियेची अक्षरं. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते लाकूड आम्ही घरातल्या फर्निचरला वापरत नाही, विना शिक्क्याचंही नाही. ‘एचटी’ म्हणजे सुकवलेलं, हा समज सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. त्या तापवण्यानं कीड मरते, ओल राहू शकते. म्हणून दोन थरांमध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशी थप्पी रचतो आणि मीटरवर ओल १२ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय फळी कापत नाही. पावसाळ्यात हा आकडा लवकर येत नाही. तेव्हा घाईनं जोडलेले टॉप उन्हाळ्यात सांध्यात उघडतात. निळसर डाग पडलेली फळी लोक नाकारतात. ती बुरशी रंग बिघडवते, ताकद नाही. मागच्या बाजूला ती बिनधास्त लावावी.

खिळ्यांवर सगळ्यात जास्त वेळ जातो. पॅलेटचे, म्हणजे खोक्याखालच्या लाकडी बैठकीचे, खिळे पिळाचे असतात. उपटायला गेलं की फळीचं टोक चिरतं. म्हणून ठोकळा आणि फळी यांच्या फटीत धातू कापायचं पातं घालून खिळे कापतो. आत राहिलेले तुकडे सुंब्यानं ठोकून बाहेर काढायचे, मग मेटल डिटेक्टर फिरवायचा. एक तुकडा राहिला तरी रंध्याच्या पात्याला खाच पडते आणि पुढच्या प्रत्येक फळीवर रेघ उठते. २० मिलिमीटरची फळी दोन्ही बाजूंनी रंधून १६ची होते. दर सांगताना ही घट धरली नाही तर धंदा तोट्यात जातो.

निर्यातीची खोकी दुरुस्त करताना एक नियम पाळावाच लागतो: एक तृतीयांशाहून जास्त भाग बदलले तर जुना शिक्का कायमचा पुसून, मान्यताप्राप्त ठिकाणी पुन्हा प्रक्रिया करून नवा घ्यायचा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामं पाडली गेली आणि आमचा मालाचा मार्ग तुटला. आता आम्ही थेट कारखान्यांच्या स्टोअरमधून लाकूड उचलतो. तिथल्या मंडळींना एकच विनंती असते. खोकं उघडताना पहार फळीच्या मध्यात घालू नका, टोकाला खिळ्याजवळ घाला. आठ फुटी फळी मग आठ फुटीच आमच्या हाती येते.