कोबीला कोणतं औषध मारू? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, कोबीच्या पानांना भोकं पडलीत, कोणतं औषध मारू?" थंडीच्या हंगामात हा प्रश्न मला सतत येतो. मी औषधाचं नाव सांगत नाही, आधी पान उलटं करायला सांगते. काहींना राग येतो. पण खाणारी अळी कोणती हे कळल्याशिवाय मारलेली फवारणी म्हणजे पाण्यात घातलेला पैसा.

पानामागे बोटाच्या पेरापेक्षा लहान, फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती अळी दिसली, तर तिला काडीने डिवचा. ती जोरात वळवळली आणि धाग्याला लटकून खाली उतरली, तर ती चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची, म्हणजे तुमच्या भाषेत डीबीएम (डायमंडबॅक मॉथ). ती खालून खाते आणि वरचा पातळ पापुद्रा तसाच ठेवते, म्हणून पान उजेडात धरलं की खिडक्यांसारखे चट्टे दिसतात. अळ्या एकाच पानावर घोळक्याने असतील आणि पानाची जाळी झाली असेल, तर ती बहुधा स्पोडोप्टेरा, म्हणजे पानं खाणारी अळी. अशा वेळी अंडी किंवा अळ्या असलेलं पानच तोडून नष्ट करावं. रोपाचा शेंडा पोखरलेला असेल आणि पुढे एका झाडाला दोन-तीन बारके गड्डे धरले, तर गड्डा पोखरणारी अळी. पानं गोळा झाली आणि चिकट लागली, तर मावा. माव्यावर अळीचं औषध मारून काय होणार?

या सगळ्यांत डीबीएमबद्दल मला जास्त काळजी वाटते. या किडीने डीडीटी या कीटकनाशकाला दाद देणं बंद केलं, ही नोंद १९५३ मध्ये इंडोनेशियातल्या जावा बेटावरून आली. पुढे हवाई बेटांवर तिने बीटी या जिवाणूपासून बनवलेल्या जैविक औषधालाही प्रतिकार दाखवला. उष्ण हवेत तिची पिढी साधारण तीन आठवड्यांच्या आत पूर्ण होते. एकच औषध दर आठवड्याला मारलं की ज्या अळ्या वाचतात, त्यांचीच पुढची पिढी शेतात उरते. डब्यावरचं नाव बदललं तरी आतला घटक तोच असू शकतो, म्हणून लेबलवरचा घटक वाचा आणि लागोपाठच्या फवारण्यांत औषधाचा गट, म्हणजे किडीला मारण्याची पद्धत, बदला.

मला सगळ्यात पटलेला उपाय मोहरीचा. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने तो मांडला: कोबीच्या दर २५ ओळींमागे मोहरीची जोडओळ. त्यातली एक ओळ कोबी लावण्याच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी लागवडीनंतर २५ दिवसांनी, कारण पहिली मोहरी जून झाली तरी कोवळी मोहरी शेतात हवीच. पतंग मोहरीकडे ओढले जातात, मावाही तिथेच जमतो. मग लक्ष मोहरीवर ठेवायचं आणि बंदोबस्त तिथेच करायचा. जागा वाया जाते म्हणून ही ओळ गाळणाऱ्यांना मी दरवेळी परत सांगते.

कोबीवर अळ्या लहान असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क किंवा बीटी संध्याकाळी मारा. बीटी उन्हात लवकर निकामी होतं, आणि अळीने ते खाल्लं तरच काम करतं. कोबीचं पान मेणचट असल्यामुळे पाणी घरंगळतं, तेव्हा स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रावण) घाला आणि नोझल पानाच्या खालून फिरवा. अळीशेजारी बारीक पांढरे कोष दिसले तर ते मित्रकीटकांचे असू शकतात. अशा शेतात जहाल औषध मारू नका, अशी माझी विनंती आहे.

रासायनिक औषध मारावंच लागलं, तर फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत ते लेबलवर पाहूनच गड्डे काढा. ती भाजी कुणाच्या तरी घरात कच्चीसुद्धा खाल्ली जाणार आहे. काढणीनंतर बुडखे शेतात उभे ठेवू नका. त्यांना फुटवे येतात, डीबीएमच्या पिढ्या त्यांवर चालू राहतात आणि शेजारच्या प्लॉटमधली कोवळी रोपं तिला आयती मिळतात.