सोलापूरच्या वाटेवर सायलेन्सर फटफटला तर आधी पॅकिंग बघा, कॅट नंतर

पुणे-सोलापूर रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही. हडपसरची गर्दी मागे पडली की जवळपास २५० किलोमीटरचा सरळ रस्ता. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी आरामात झालं. लिहायचंय ते शेवटच्या टप्प्याबद्दल, आणि सोलापुरात शिरताना आमच्या गळ्यात जे मारायला निघाले होते त्याबद्दल.

गाडी पेट्रोलवरची, बीएस-६, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. मोडनिंबच्या पुढे मागून अधूनमधून 'फट' असा आवाज यायला लागला. सावळेश्वरच्या टोलनाक्यावर वेग कमी करायला ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि फट-फट-फटाक! शेजारच्या रांगेतला ट्रक ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघायला लागला. पाय दिला की आवाज बंद. पिकअप व्यवस्थित. चेक इंजिनचा दिवा लागला होता, पण स्थिर, लुकलुकत नव्हता. एवढ्या खुणा लक्षात ठेवा, निदान त्यातच होतं.

मोहोळ ते सोलापूर हे ३५ किलोमीटर अंतर मला आख्ख्या प्रवासापेक्षा लांब वाटलं. एप्रिलचं ऊन, गाडीत आई, आणि प्रत्येक गतिरोधकाला तो आवाज.

हायवेलगतच्या एका चकचकीत गॅरेजात स्कॅनर लावला. कोड आला पी०४२०. "कॅट गेलाय साहेब, ३८ हजार, संध्याकाळपर्यंत गाडी देतो." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टच्या (धूर बाहेर नेणाऱ्या) पाइपातला धूर स्वच्छ करणारा डबा. गाडी रॅम्पवर चढवली नव्हती, खाली वाकून कुणी बघितलंही नव्हतं. जुना कॅट परत द्याल का विचारलं, तर म्हणे तो इथंच जमा होतो. कॅटच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्यामुळे जुन्यालाही भंगारात चांगला भाव येतो. म्हणून कुणी कॅट बदलायला सांगितलं की हा प्रश्न आधी विचारा. उत्तर देताना गुळमुळीत बोलले तर किल्ली उचला आणि निघा. आम्ही तेच केलं.

पी०४२० चा अर्थ 'कॅट मेला' असा नाही. कॅट नीट काम करत नाही असं गाडीला वाटतंय, एवढाच त्याचा अर्थ. गाडी हे ठरवते ऑक्सिजन सेन्सरवरून. पाइपाला कुठे फट असेल आणि तिथून बाहेरची हवा आत येत असेल, तर सेन्सर फसतो.

शहरात चौकशी करत एका जुन्या सायलेन्सर मिस्त्रींकडे पोचलो. बोनेट उघडायच्या आधी त्यांनी एकच विचारलं, "मालक, पाय सोडल्यावर फटफटतंय, का दिल्यावर?" ३८ हजारवाल्यांनी हे विचारलंच नव्हतं. पाय सोडला की एक्झॉस्टमधला दाब क्षणाक्षणाला बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, फटीतून हवा आत ओढली जाते आणि न जळालेलं थोडं पेट्रोल त्या हवेत भडकतं. तोच फटाका. पाय दिल्यावर फटफटत असेल, गाडी झटके देत असेल आणि दिवा लुकलुकत असेल, तर ती मिसिंग आहे, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही; प्लग किंवा कॉइल बघायची. तशी गाडी अजिबात दामटू नका. न जळालेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि मग चांगला कॅटही खरोखर जातो. कोड पी०३०२ (दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग) असेल तर दोन नंबरची कॉइल तीनवर लावून बघा. कोड पी०३०३ झाला की कॉइल खराब, नाहीतर प्लगकडे वळा. सीएनजी असेल तर आधी पेट्रोलवर चालवून बघा. आवाज फक्त गॅसवरच येत असेल तर बहुतेक वेळा प्लग-कॉइलच थकलेले असतात.

मिस्त्रींनी गाडी ठेवून घेतली, कारण फट शोधायची ती थंड गाडीवर. लोखंड तापलं की फुगतं आणि बारीक फट लपते. सकाळी स्टार्ट केल्या केल्या इंजिनाजवळ टिकटिक ऐकू आली. मिस्त्रींकडच्या पोराने मागच्या नळीवर जाड ओला कपडा काही सेकंद दाबून धरला, आणि पुढे मॅनिफोल्डपाशी (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या पाइपापाशी) फुस्स! हे उघड्यावरच करायचं, बंद शेडमध्ये नाही. तो धूर विषारी असतो. उष्णतेचा पत्रा काढल्यावर इंजिन आणि मॅनिफोल्डच्या सांध्यातल्या पॅकिंगच्या (गॅस्केटच्या) कडेला काजळीचा काळा, पंख्यासारखा पसरलेला डाग दिसला, बोटभर लांब. बाकी सगळं राखाडी आणि तेवढीच जागा काळी. मी फोटो काढून ठेवलाय, त्या गॅरेजात नेऊन दाखवावासा वाटतो.

स्टडवर (मॅनिफोल्ड धरून ठेवणाऱ्या बोल्टांवर) गंज सोडवायचं तेल आदल्या संध्याकाळीच मारून ठेवलं होतं. घाई केली तर स्टड इंजिनाच्या हेडमध्येच तुटतो आणि खर्च कुठल्या कुठे जातो. पृष्ठभाग घासून पट्टी लावून सपाट आहे का ते बघितलं, नवं पॅकिंग घातलं, नट मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूने टप्प्याटप्प्याने आवळले. जुनं पॅकिंग सीलंट लावून परत बसवतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. सगळं मिळून दोन हजारांच्या आत.

अक्कलकोट, सिद्धेश्वर, शेंगाचटणी, सगळं छान झालं. खरी परीक्षा तुळजापूरचा घाट. परतताना तिसऱ्या गिअरमध्ये, पाय पूर्ण उचलून उतरलो. एक फट नाही! आईने काच खाली करून मुद्दाम ऐकलं. कोड पुसला होता, तो पुण्यापर्यंत परत आला नाही.

पॅकिंग बदललंत तर काहीशे किलोमीटर झाल्यावर, गाडी पूर्ण थंड असताना, नट एकदा तपासून घ्या. आणि सोलापुरात दुपारी पोचलात तर काम सकाळवर ढकला. तापलेल्या एक्झॉस्टवर ना फट सापडते, ना स्टड धड निघतो.